डोक्यावरचा टॉवर आणि हातातलं ॲप : मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी कंपनीची किती?

सोसायटीच्या गच्चीवर मोबाईल टॉवर बसवायचा विषय निघाला की काय होतं, हे तुम्ही पाहिलं असेलच. सभेला कधीही न येणारे लोक येतात, कुणीतरी 'रेडिएशनने कॅन्सर होतो' असा फॉरवर्ड वाचून दाखवतं आणि 'आमची लहान मुलं आहेत' या वाक्यावर ठराव फेटाळला जातो. काळजी खरीच असते, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण त्याच वेळी त्याच घरातला अकरा वर्षांचा मुलगा आईच्या फोनवर अनोळखी माणसांशी गेममध्ये गप्पा मारत असतो. त्यावर मात्र सभा भरत नाही.

आपल्या साईटवर नेहमी दोन प्रश्न येतात : 'टॉवर घराजवळ असला तर धोका आहे का?' आणि 'लहान भावाच्या फोनवर कोणती सेटिंग करू?' हे प्रश्न वेगळे वाटतात, पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपल्याकडून पैसे कमावणाऱ्या कंपनीने मुलांच्या सुरक्षेसाठी काय करायला हवं आणि ते ती करते की नाही, हे तपासणार कोण? म्हणून आज दोन्ही विषय एकत्र घेते. चला तर मग, आधी टॉवरपासून सुरुवात करूया.

टॉवरमधून नक्की काय बाहेर पडतं?

मराठीत घोटाळा शब्दापासूनच होतो. बातम्यांमध्ये 'रेडिएशन'साठी सर्रास 'किरणोत्सर्ग' लिहितात आणि तो शब्द वाचला की आपल्याला चेर्नोबिल आठवतं. प्रत्यक्षात टॉवर रेडिओ लहरी सोडतो, म्हणजे रेडिओ आणि टीव्हीच्या प्रसारणासाठी वापरतात त्याच जातीच्या लहरी. एक्स-रे किंवा गॅमा किरणांमध्ये इतकी ऊर्जा असते की ते अणूतला इलेक्ट्रॉन बाहेर फेकतात आणि त्यातून आपल्या डीएनएला इजा होऊ शकते. रेडिओ लहरींमध्ये तेवढी ऊर्जाच नसते. त्यांचा पक्का सिद्ध झालेला परिणाम एकच : त्या खूप तीव्र असतील तर शरीराचा भाग गरम करतात. मायक्रोवेव्ह ओव्हन याच तत्त्वावर चालतो.

आता मुद्दा तीव्रतेचा. शेकोटीपासून दोन पावलं मागे गेलं की आच लगेच कमी होते. लहरींचंही तसंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते आणि तिप्पट झालं की नवव्या हिश्श्यावर. शिवाय टॉवरवरचे ते उभे, लांबट पॅनेल लहरी समोरच्या दिशेने फेकतात, पायाशी नाही. त्यामुळे टॉवर ज्या इमारतीवर आहे तिच्या वरच्या मजल्यावर, तीव्रता बऱ्याचदा समोरच्या इमारतीपेक्षा कमी भरते. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, अगदी तसं! म्हणून 'आमच्या गच्चीवर नको, समोरच्यांच्या गच्चीवर लावा' असं म्हणणारे नकळत पॅनेलच्या बरोब्बर समोर जाऊन बसतात.

मर्यादा किती आणि ती पाळली जाते हे कोण बघतं?

या लहरींसाठी आयसीएनआयआरपी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था सुरक्षित पातळी सुचवते. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी त्या पातळीच्या एक दशांश इतकीच मर्यादा लागू केली. उदाहरणार्थ, ९०० मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय शिफारस दर चौरस मीटरला ४.५ वॅट आहे, आपल्याकडे ०.४५ वॅट. १८०० मेगाहर्ट्झला तिकडे ९, आपल्याकडे ०.९.

आकडा कागदावर असून उपयोग नाही, तो मोजायला हवा. म्हणून कंपनीला प्रत्येक बेस स्टेशन मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र स्वतः द्यावं लागतं आणि दूरसंचार विभागाची पथकं त्यातली काही नमुन्यादाखल तपासतात. मर्यादा ओलांडली तर एका बेस स्टेशनमागे १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. २०१७ मध्ये सरकारने 'तरंग संचार' हे पोर्टल सुरू केलं. त्यावर आपल्या परिसरातले टॉवर नकाशावर दिसतात आणि ते मर्यादेत आहेत का हे कळतं. शंका असेल तर ४,००० रुपये शुल्क भरून आपल्या जागी मोजणी करून घेण्याची सोयही त्यावर दिली गेली. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत घरटी शंभर रुपये. दोन तासांच्या भांडणापेक्षा स्वस्तच की!

ही व्यवस्था परिपूर्ण आहे का? नाही. स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र द्यायचं, यावर टीका होते आणि ती रास्त आहे. पण इथे एक आकडा आहे, मोजणारा कंपनीच्या बाहेरचा माणूस आहे, दंड आहे आणि सामान्य माणसाला बघता येईल अशी माहिती आहे. या चार गोष्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग कॅन्सरचं काय?

मे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना '२ बी' गटात टाकलं. त्याचा अर्थ 'कर्करोगाशी संबंध असू शकतो, पण पुरावा मर्यादित आहे'. याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. हा गट फक्त पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही.

त्यानंतर बरंच संशोधन झालं. अमेरिकेत २०१८ मध्ये उंदरांवरच्या एका मोठ्या प्रयोगाचा अहवाल आला. त्यात रोज नऊ तास, दोन वर्षं, सगळ्या शरीरावर जोरदार लहरी सोडलेल्या नर उंदरांच्या हृदयात गाठी आढळल्या. पण गंमत म्हणजे तेच उंदीर लहरी न सोडलेल्या उंदरांपेक्षा जास्त जगले. माणसांबद्दल सांगायचं तर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास तपासले होते. दहा वर्षांहून जास्त काळ मोबाईल वापरणाऱ्यांमध्येही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

५जी आल्यावर भीती पुन्हा वर आली. अभिनेत्री जुही चावला यांनी ५जी विरोधात दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. जून २०२१ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला, तो प्रसिद्धीसाठी असल्याचं म्हटलं आणि २० लाख रुपयांचा भुर्दंड ठोठावला. जानेवारी २०२२ मध्ये ती रक्कम २ लाखांवर आणली गेली. १ ऑक्टोबर २०२२ ला आपल्याकडे ५जी सुरू झालं. ५जी म्हणजे काही वेगळ्याच जातीच्या लहरी नाहीत, त्याही रेडिओ लहरीच आहेत.

मुलांबाबत मात्र एक गोष्ट खरी आहे. त्यांची कवटी पातळ असते. त्यामुळे फोन कानाला लावल्यावर त्यांच्या मेंदूत मोठ्यांच्या तुलनेत सरासरी दुप्पट ऊर्जा शोषली जाऊ शकते, असं त्याच २०११ च्या मूल्यांकनात नमूद आहे. ती ऊर्जा मर्यादेच्या आतच असते. तरीही मुलांनी स्पीकर किंवा इअरफोन वापरणं हा साधा, फुकटचा उपाय आहे. म्हणजे काळजी घ्यायचीच असेल तर गच्चीकडे बघण्याआधी कानाकडे बघा.

टॉवर दूर गेला की फोन ओरडायला लागतो

हे अनेकांना माहीत नसतं. तुमचा फोन टॉवरला उत्तर देतो, म्हणजे तोही लहरी सोडतो. टॉवर जवळ असेल तर कुजबुजून भागतं. लांब असेल तर ओरडावं लागतं. फोनची ताकद अशी गरजेनुसार हजारो पटींनी कमी-जास्त होते, ४जी फोनमध्ये ती साधारण ०.२ वॅटपर्यंत जाते. घाटातल्या एसटीत, लिफ्टमध्ये, तळघरात एक दांडी रेंज असताना बोलता तेव्हा फोन पूर्ण जोर लावत असतो आणि तोही कानाला चिकटून. टॉवर हटवला म्हणजे मुलं सुरक्षित झाली असं समजणाऱ्यांनी हा हिशेब करून बघावा.

फोनसाठी एसएआर नावाचं माप आहे. एक किलो शरीरात किती वॅट ऊर्जा शोषली जाते, ते. भारतात मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, एक ग्रॅम उतीवर मोजलेली. तुमच्या फोनचा आकडा बघायचा असेल तर डायलरवर *#०७# टाइप करा. बहुतेक फोनवर लगेच दिसतो. हा आकडा फोन पूर्ण जोर लावत असतानाचा असतो. त्यामुळे ०.९ वाला फोन १.२ वाल्यापेक्षा रोजच्या वापरात चांगलाच असेल असं नाही. दोन्ही मर्यादेत आहेत, एवढंच तो सांगतो.

आता एक खराखुरा किस्सा. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्सच्या रेडिओ लहरींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने १४१ फोन तपासले. त्यात आयफोन १२ हातात किंवा खिशात असतानाच्या चाचणीत ५.७४ वॅट प्रति किलोवर गेला, तिथली मर्यादा ४ आहे. संस्थेने विक्री थांबवायला सांगितली. ॲपलने आपला फोन नियमात असल्याचं म्हटलं, पण फ्रान्ससाठी सॉफ्टवेअर अपडेट दिला आणि तो तपासून मान्य झाला. म्हणजे जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला, तीन वर्षं बाजारात असलेल्या फोनसाठी, एका आकड्याने थांबवलं.

आता फोनच्या आतल्या ॲप्सकडे वळूया. तिथे असा आकडा आहे का?

ॲपचा एसएआर कुठे बघायचा?

विचार करून बघा. नवीन फोन बाजारात यायच्या आधी त्याची चाचणी होते. पण एखाद्या ॲपने रील आपोआप पुढे सरकवण्याचं नवं फीचर आणलं, तेरा वर्षांच्या मुलीला रात्री एक वाजता नोटिफिकेशन पाठवलं, अनोळखी माणसाला तिच्या इनबॉक्समध्ये येऊ दिलं, तर त्याची आधी चाचणी कोण करतं? बहुतेक वेळा कंपनीच. निकाल कुणाला दिसतो? कंपनीलाच.

२०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. त्यात कंपनीचंच संशोधन होतं. आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत असताना इन्स्टाग्राममुळे ते आणखी वाढतं, असं किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी सांगितलं होतं. कंपनीचं म्हणणं पडलं की संशोधनाचा अर्थ चुकीचा लावला जातोय आणि अनेक मुलींना उलट बरं वाटतं असंही त्यात आहे. ते मान्य केलं तरी प्रश्न उरतोच : हा निकाल आपल्याला कळायला कागदपत्रं फुटावी का लागली? टॉवरचा आकडा पोर्टलवर आणि मुलींच्या मनाचा आकडा कंपनीच्या कपाटात, असं का?

दुसरं उदाहरण लंडनचं आणि ते जड आहे. १४ वर्षांच्या एका मुलीने २०१७ मध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. सप्टेंबर २०२२ मध्ये तिच्या मृत्यूच्या चौकशीत अधिकाऱ्याने निष्कर्ष काढला की ऑनलाईन पाहिलेल्या मजकुराचा तिच्या मृत्यूत नगण्य म्हणता येणार नाही इतका वाटा होता. तिने शोधलाच नव्हता असा मजकूरही ॲपच्या अल्गोरिदमने तिच्यापुढे आणून ठेवला होता. पिंटरेस्टच्या अधिकाऱ्याने चौकशीत कबूल केलं की त्या काळात प्लॅटफॉर्म सुरक्षित नव्हता आणि माफी मागितली. (तुम्हाला किंवा ओळखीत कुणाला असं अंधारून आल्यासारखं वाटत असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोला. फुकट आहे, चोवीस तास.)

डिफॉल्ट म्हणजे कंपनीचा निर्णय

'सेटिंग दिलेली आहे, पालकांनी बदलावी' हे कंपन्यांचं आवडतं उत्तर. पण आपल्यापैकी किती जण सेटिंगमध्ये जातात? फोन ज्या स्थितीत मिळतो, त्याच स्थितीत बहुतेक जण वापरतात. म्हणून एखादी गोष्ट डिफॉल्टला चालू ठेवायची की बंद, हा खरा निर्णय असतो आणि तो कंपनीने आधीच घेतलेला असतो.

याची दोन ठळक प्रकरणं आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये फोर्टनाईट गेम बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेत कारवाई झाली. एकूण ५२ कोटी डॉलर. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याबद्दलचा दंड होता आणि २४.५ कोटी फसव्या बटणांमुळे पैसे गेलेल्या ग्राहकांना परत देण्यासाठी. आक्षेप काय होता? लहान मुलं आणि अनोळखी मोठी माणसं यांच्यातलं व्हॉइस आणि टेक्स्ट चॅट डिफॉल्टलाच चालू होतं. आदेश काय निघाला? मुलांसाठी ते डिफॉल्टला बंद ठेवा.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने इन्स्टाग्रामसाठी मेटाला ४०.५ कोटी युरोचा दंड केला. १३ ते १७ वर्षांची मुलं 'बिझनेस अकाउंट' उघडत होती, कारण त्यात किती जणांनी पाहिलं ते आकडे दिसतात. पण तिथे त्यांचा फोन नंबर किंवा ईमेल उघड होत होता. आणि मुलांची साधी अकाउंटसुद्धा एकेकाळी डिफॉल्टला सगळ्यांसाठी खुली होती.

दंडानंतर, टीकेनंतर कंपन्या हलतात. सप्टेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने 'टीन अकाउंट' आणलं : अकाउंट आपोआप खासगी, अनोळखी लोकांचे मेसेज बंद, रात्री नोटिफिकेशन शांत. चांगलंच झालं. पण हे करणं शक्य होतं, तर आधी का झालं नाही, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. मुलं जास्त वेळ थांबली की जाहिराती जास्त दिसतात, हा हिशेब कंपनीला कळत नाही असं थोडंच आहे?

वाईट फोटो मशीनला कसे ओळखू येतात?

जबाबदारी पार पाडायची ठरवली तर तंत्रज्ञान काय करू शकतं, याचं हे उत्तम उदाहरण. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि डार्टमथ कॉलेजचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी 'फोटोडीएनए' तयार केलं. ते फोटो लहान करतं, रंग काढून टाकतं, त्याचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातल्या उजेड-अंधारावरून आकड्यांची एक माळ बनवतं. ही माळ म्हणजे फोटोचा अंगठ्याचा ठसा. फोटो थोडा कापला, आकार बदलला तरी ठसा जुळतो, पण ठशावरून मूळ फोटो परत बनवता येत नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच सापडलेल्या फोटोंचे ठसे यादीत असतात. कुणी तोच फोटो अपलोड केला की मशीन पकडतं.

अमेरिकी कंपन्यांना अशी प्रकरणं तिथल्या एनसीएमईसी या संस्थेला कळवावी लागतात. २०१९ मध्ये भारताच्या एनसीआरबीने या संस्थेशी करार केला आणि भारतातल्या प्रकरणांची माहिती इकडे येऊ लागली. महाराष्ट्र सायबर विभागाची 'ऑपरेशन ब्लॅकफेस' ही कारवाई अशाच माहितीच्या आधारे झाली.

यातही पेच आहेच. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असलेल्या चॅटमध्ये कंपनीला आतलं दिसत नाही, त्यामुळे ठसाही जुळवता येत नाही. ॲपलने ऑगस्ट २०२१ मध्ये आयक्लाउडवर जाणारे फोटो फोनमध्येच तपासण्याची योजना जाहीर केली. 'उद्या सरकारं दुसरंही काही शोधायला लावतील' अशी ओरड झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये ॲपलने ती सोडून दिली. मला वाटतं दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण चॅट वाचता येत नसलं तरी अनोळखी माणसाला मुलाशी चॅट सुरू करू द्यायचं की नाही, हे तर कंपनीच्या हातात आहे! तिथे एन्क्रिप्शनची सबब चालत नाही.

भारतातला कायदा कुठपर्यंत आलाय?

२०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक केलं. तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत आणि कुणाचे खासगी, अश्लील फोटो टाकले असतील तर २४ तासांत ते काढायचे, असं त्यात लिहिलं. तक्रार अधिकाऱ्याने दाद दिली नाही तर वर अपील समिती आहे, तीही ऑनलाईन.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. १८ वर्षांखालच्यांचा डेटा वापरायचा तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. मुलांचा मागोवा घेणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना १८ महिन्यांची मुदत मिळाली.

बाहेर काय चाललंय? ब्रिटनमध्ये मुलांसाठीचे नियम जुलै २०२५ पासून लागू झाले, तिथे दंड जागतिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना ठरावीक सोशल मीडियावर अकाउंटच बंद केलं आणि ते पाळण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली, मुलांवर किंवा पालकांवर नाही.

आपल्याकडे एक अडचण मात्र कुठल्याच नियमात नीट बसत नाही. आपल्या घरांत फोन एकट्याचा नसतो. सिम बाबांच्या नावावर, गुगल अकाउंट आईचं आणि संध्याकाळी फोन मुलाच्या हातात. कंपनीच्या लेखी तो वापरणारा ३८ वर्षांचा माणूस असतो, त्यामुळे मुलांसाठीचं एकही संरक्षण चालू होत नाही. जन्मवर्ष खोटं टाकणारी मुलं वेगळीच. 'आम्हाला वय माहीत नव्हतं' असं कंपनी म्हणू शकते. पण रोज दुपारी शाळा सुटल्यावर कार्टून आणि गेम बघणारा हा माणूस नक्की कोण, हे जाहिरात दाखवताना बरोब्बर ओळखणाऱ्या कंपनीला सुरक्षेच्या वेळी ओळखता येऊ नये, हे काही पटत नाही.

माझी मागणी साधी आहे. टॉवरसाठी ज्या चार गोष्टी आहेत, त्याच ॲपसाठीही हव्यात : ठरलेली मर्यादा, बाहेरचा तपासनीस, टोचेल असा दंड आणि आपल्याला बघता येईल असा आकडा. किती मुलांना अनोळखी मोठ्या माणसांचे मेसेज आले, किती तक्रारींवर किती तासांत कारवाई झाली, मराठीत केलेली तक्रार वाचायला माणूस होता का, हे कंपनीने शहरागणिक नाही तर निदान देशागणिक तरी जाहीर करावं.

तोपर्यंत तुम्ही काय करू शकता?

घरात फोनचं सगळ्यात जास्त तुम्हालाच कळतं, म्हणून हे काम ताई-दादांचं आहे.

१. धाकट्या भावंडाचं अकाउंट खऱ्या जन्मतारखेने बनवा. आईच्याच फोनवर खेळत असेल तर अँड्रॉइडमध्ये त्याच्यासाठी वेगळी प्रोफाइल उघडता येते का ते बघा. यूट्यूबसाठी मुलांचं वेगळं ॲप आहे.

२. गेममधलं व्हॉइस चॅट बंद, मेसेज फक्त ओळखीच्यांचे, अकाउंट खासगी, लोकेशन बंद. चार सेटिंग, दहा मिनिटं.

३. त्याला एकच वाक्य सांगा : 'काहीही झालं तरी आधी मला सांग, मी रागावणार नाही.' फोटोवरून ब्लॅकमेल करणारे 'घरी कळेल' या भीतीवरच जगतात. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते.

४. काही घडलंच तर धमकीचे मेसेज, प्रोफाइलचं नाव, लिंक आणि तारीख यांचे स्क्रीनशॉट ठेवा. पण मुलाचा आक्षेपार्ह फोटो पुरावा म्हणूनही स्वतःकडे साठवू नका, कुणाला पाठवू नका. असा मजकूर बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करा, मुलांच्या प्रकरणात नाव न देताही करता येते. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, पैसे गेले असतील तर १९३०.

५. १८ वर्षांखाली असताना काढलेला खासगी फोटो पसरण्याची भीती असेल तर एनसीएमईसीची 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, फक्त ठसा जातो आणि सहभागी कंपन्या तो फोटो शोधून काढून टाकतात. चॅटमधलं मात्र त्यातून निघत नाही.

६. आणि टॉवरची भीती? तरंग संचारवर बघा. रेंज कमी असताना लांबलचक बोलू नका, कानाऐवजी इअरफोन वापरा. झालं.

पुढच्या वेळी सोसायटीच्या सभेत टॉवरचा विषय निघाला तर तरंग संचारवरचा नकाशा काढून सगळ्यांना दाखवा. मग सभेत बसलेल्या आई-बाबांना विचारा : तुमच्या फोनमधल्या गेमचं चॅट चालू आहे की बंद? बहुतेकांना माहीत नसेल. तिथेच, चहा येईपर्यंत, बंद करून द्या.